वाजतं पत्र्यावर, दुखतं पाण्यात

पौष महिना. उन्हाळ कांद्याची लागवड नुकतीच आटोपलेली आणि त्या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीची. साडेबाराला लाईट आली की आमचे नाना बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीकडे जायचे, मोटर चालू करायचे आणि घरी येऊन पडायचे. कळवण तालुक्यात हे काही नवल नाही, गिरणेच्या खोऱ्यातले निम्मे नाना त्या वेळी बांधावरच असतात. नवल होतं ते त्यानंतरच्या आवाजाचं. मोटर सुरू झाली की विहिरीच्या काठावरच्या खोलीचा पत्रा असा थडथडायचा, की दोन शेतं पलीकडे झोपलेल्या माणसालाही कळावं, नानांचं पाणी चालू झालं.

आवाज पत्र्याचा, तेव्हा दुखणं पत्र्याचं, असं धरून नानांनी आधी पत्र्यावर चार दगड ठेवले. आवाज या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेला. मग नवे हुक आणि वॉशर लावले. दोन रात्री बरं वाटलं, तिसऱ्या रात्री पुन्हा तेच. मग कुणीतरी म्हणालं, बेअरिंग गेलं असेल. मोटर विहिरीतून काढून बेअरिंग बदललं, खर्च झाला, हमाली झाली आणि पत्रा पहिल्यासारखाच थडथडत राहिला. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. फक्त इथे रेडा कोणता आणि पखाल कोणती, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

शेवटी मिस्तरी आले. दिवसाची लाईट होती. त्यांनी पत्र्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातून हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर काढला, विहिरीत उतरून कट्ट्यावरच्या मोटरपाशी उकिडवे बसले, स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या जागी टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मग टोक हळूहळू सरकवत पंपाच्या पोटावर नेलं. तिथे ते बराच वेळ थांबले. मग मला हाक मारून म्हणाले, "सर, तुम्ही ऐका. पत्रा नाही वाजू राहिला. पाणी वाजू राहिलं."

मी ऐकलं, आणि त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. बेअरिंगवर टोक ठेवलं की नुसतं 'सूंऽऽ', तेलात भिजल्यासारखं गुळगुळीत. वीतभर अंतरावर पंपाच्या पोटावर ठेवलं, की आत कुणी मूठमूठ खडी फेकतंय असा कडकडाट. कानाला हवेतून हे दोन आवाज वेगळे ऐकूच येत नव्हते, सगळा एकच गोंगाट होता. लोखंडाची एक काडी मध्ये आली आणि गोंगाटाच्या दोन वाटा झाल्या.

या काडीत अशी काय जादू आहे? १८१६ साली पॅरिसमध्ये रने लेनेक या डॉक्टरला एका रुग्णाच्या छातीला कान लावणं अवघड वाटलं, म्हणून त्यानं कागदाची सुरळी केली आणि त्यातून हृदयाचे ठोके जास्त स्पष्ट ऐकू आले. स्टेथोस्कोप तिथून सुरू झाला. मिस्तरींचा स्क्रूड्रायव्हर त्याच घराण्यातला, पण त्याचा एक गुण वेगळा. हवेतला आवाज लोखंडात सहजासहजी शिरत नाही. हवा इतकी विरळ आणि लोखंड इतकं जड, की त्यांच्या वेशीवर आवाजाची जवळजवळ सगळी ऊर्जा मागे फिरते. त्यामुळे खोलीभर घुमणारा पत्र्याचा आवाज काडीला ऐकूच येत नाही. ती ऐकते फक्त तिचं टोक ज्या लोखंडाला टेकलंय त्याची थरथर, आणि ती थेट कानामागच्या हाडापर्यंत पोचवते. गर्दीत एकाच माणसाचा हात धरून त्याला बाजूला घ्यावं, तसं.

बरं, कान स्वतः दिशा ओळखत नाहीत का? ओळखतात, आणि थक्क व्हावं इतक्या बारकाईनं. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी शिरतो, डाव्यात नंतर. डोक्याच्या रुंदीमुळे हा फरक जास्तीत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन तृतीयांश. समोरून जरासा बाजूला सरकलेला आवाज ओळखताना तर आपला मेंदू सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढा फरक पकडतो. लॉर्ड रॅले या इंग्लिश शास्त्रज्ञानं १९०७ साली या दोन कानांच्या हिशेबावर लिहिलं. हे नाव लक्षात ठेवा, ते आपल्याला याच विहिरीत पुन्हा भेटणार आहे. पण मोटरचा 'घूं' आवाज असतो सेकंदाला १०० कंपनांचा. हवेत त्याची एक लाट सुमारे ३.४ मीटर लांब, म्हणजे नानांच्या खोलीपेक्षा मोठी. तेवढी लाट भिंती, पत्रा, विहिरीचं तोंड यांच्यावर आपटत फिरते तेव्हा आवाज 'सगळीकडून' येतो. सगळीकडून म्हणजे कुठूनच नाही. कान तिथे हात टेकतात.

हा १०० चा आकडा येतो कुठून? आपली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. प्रत्येक फेऱ्यात चुंबक दोनदा जोर धरतं आणि दोनदा सोडतं, कारण लोखंडाला चुंबकाचं उत्तर टोक काय आणि दक्षिण टोक काय, ओढ सारखीच. म्हणून डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर, स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर, मोटरचं अंग, सगळे १०० च्याच सुरात गुणगुणतात. कळवणपासून कोल्हापूरपर्यंत सगळ्या डीपी एकाच पट्टीत गातात, ही गोष्ट मला अजूनही गमतीची वाटते. मोटरचा दांडा मात्र त्या तालावर फिरत नाही. त्याच्याभोवतीचं चुंबकक्षेत्र सेकंदाला ५० फेरे घेतं आणि पूर्ण भारावरचा शाफ्ट साधारण ४८. (पाटीवर २८८० लिहिलेलं असतं, ते मिनिटाचे फेरे.) हे दोन फेरे मागे राहणं म्हणजे आळस नाही. मागे राहतो म्हणूनच रोटरमध्ये वीज उपजते आणि तो ओढला जातो. बरोबरीनं धावला असता तर ओढच संपली असती.

यातून मिस्तरींची दुसरी परीक्षा. ते म्हणाले, "आता बंद करा, आणि बंद होताना ऐका." मी लाल बटण दाबलं. 'घूं' त्याच क्षणी कापल्यासारखा गेला. तो विजेचा. पत्रा एकदोन क्षण थडथडून गप्प झाला. आणि सगळ्यांत शेवटपर्यंत, शाफ्ट थांबेस्तोवर, बेअरिंगचं ते 'सूंऽऽ' बारीक बारीक होत उतरत गेलं. एका बटणानं तीन आवाजांची तीन घरं सांगितली. बिघाड विजेचा असता तर बटणाबरोबर गेला असता. बेअरिंगचा असता तर शेवटपर्यंत किरकिरला असता. जो पाण्याच्या जोराबरोबर गेला, तो पाण्याचा.

आपल्या भाषेनं हे काम आधीच निम्मं करून ठेवलंय. सैल नटबोल्ट खडखडतो, कोरडं बेअरिंग किरकिरतं, ढिला पट्टा चिरचिरतो, एक फेज गेलेली मोटर नुसती हुंकारते पण फिरत नाही, आणि पंपाला पाणी कमी पडलं की तो कडकडतो. शेतकरी फोनवर क्रियापद सांगतो आणि मिस्तरी त्यावरून पाने घेऊन निघतो.

बेअरिंगवर तर थोडं थांबायलाच हवं, कारण त्याचा हिशेब फार सुंदर आहे. दुकानात '६२०५' मागितलं की मिळणाऱ्या बेअरिंगमध्ये बहुधा नऊ गोळ्या असतात. (शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणा. पाच पंचे पंचवीस, आतलं भोक २५ मिलिमीटर.) आता शाफ्ट एक फेरा फिरला तर गोळ्यांची माळ किती फिरते? जड पेटी गोल दांड्यांवरून ढकलताना पाहिलंय ना? पेटी दोन हात पुढे जाते तेव्हा दांडा एकच हात सरकतो. तसंच इथे, फक्त आतली कडी लहान आणि बाहेरची मोठी, म्हणून निम्म्याहून थोडं कमी. शाफ्टच्या एका फेऱ्यात माळ सुमारे ०.४ फेरा घेते. समजा बाहेरच्या कडीवर एका जागी खड्डा पडला. त्यावरून दर फेऱ्याला ३.५८ गोळ्या जातात. शाफ्ट सेकंदाला ४८ फेरे घेत असेल, तर सेकंदाला सुमारे १७२ टकटकी. खड्डा आतल्या कडीवर असेल तर ५.४२ गोळ्या, म्हणजे सुमारे २६०. दोन्ही आकड्यांची बेरीज करून पाहा, बरोबर नऊ येते. गोळ्या तेवढ्याच! म्हणजे बेअरिंग न उघडता, नुसता आवाज मोजून सांगता येतं, की खड्डा आतल्या कडीला आहे की बाहेरच्या. कागदाच्या गिरण्यांत, साखर कारखान्यांत, वीजकेंद्रांत या हिशेबावर रोज यंत्रं वाचतात.

पण एवढ्या गोंगाटातून १७२ ची टकटक वेगळी काढायची कशी? इथे फूरिए हा फ्रेंच गणिती मदतीला येतो. त्यानं १८२२ च्या आपल्या ग्रंथात दाखवलं, की कितीही गुंतागुंतीची लाट ही साध्या लाटांची बेरीज म्हणून मांडता येते. ग्रंथ होता उष्णतेवरचा, कामी आला आवाजालाही. १९६५ साली कूली आणि ट्यूकी यांनी ही फोड संगणकाकडून झपाट्यानं करून घेण्याची रीत छापली. आमच्याकडे चाळीतला कांदा बाहेर काढला की बाया त्याची निवड करतात. मोठा एकीकडे, गोल्टी एकीकडे, जोड आणि चोपडा वेगळा. एकाच ढिगातून चार ढीग. फूरिएची रीत आवाजाच्या ढिगाची अशीच निवड करते. ४८ चा ढीग उंच, तर शाफ्टला कुठेतरी तोल नाही. १०० चा उंच, तर वीज. १७२ चा, तर बाहेरची कडी. आज हे तुमच्या फोनमध्येही आहे. फक्त फोनचा माइक वापरा, त्यातला हालचाल मोजणारा चिमुकला सेन्सर नको. तो साधारणपणे सेकंदाला शंभरेक नोंदी घेतो, आणि नोंदींच्या निम्म्यापेक्षा जास्त वेगाची थरथर त्याला कळतच नाही, किंवा वेगळीच काहीतरी कळते.

पंपाच्या पोटातली खडी मात्र यांपैकी कोणत्याच ढिगात बसत नव्हती. तिचे सगळेच ढीग थोडेथोडे उंच होतात. कारण ती खडी नव्हतीच, तिथे पाणी उकळत होतं. थंड पाणी! पाणी उकळायला उष्णताच लागते असं नाही, दाब पुरेसा उतरला तरी ते उकळतं. आपल्याला वाटतं पंप विहिरीतून पाणी ओढतो. खरं तर पंप फक्त जागा मोकळी करतो आणि विहिरीच्या पाण्यावर दाबून बसलेली हवा ते पाणी वर ढकलते. समुद्रसपाटीला हवेची ही ताकद १०.३ मीटर उंचीच्या पाण्याएवढी, आमच्या उंचीवर त्याहून थोडी कमी. पाइपातलं घर्षण वगैरे वजा जाता सहा-सात मीटरच्या वर भरवसा ठेवू नये. म्हणून तर खोल विहिरीत मोटर वर न ठेवता आत कट्ट्यावर उतरवतात. आता पाइपाच्या तळाशी असलेल्या फूटव्हॉल्व्हची जाळी तुंबली तर? इम्पेलर, म्हणजे पंपातला पंखा, फिरतोय, जागा मोकळी होतेय, पाणी पुरेसं येत नाहीये. दाब इतका उतरतो, की इम्पेलरच्या तोंडाशी पाण्याच्या वाफेचे बुडबुडे होतात, आणि पुढे दाब वाढताच ते फटाफट मिटतात. मिटताना आजूबाजूचं पाणी त्या पोकळीत सुईसारखं घुसतं. हजारो बुडबुडे, हजारो हातोड्या. जहाजांचे पंखे अशाच बुडबुड्यांनी खाल्ले जात, म्हणून १९१७ साली या मिटणाऱ्या पोकळीचा दाब गणितानं काढला गेला, आणि तो काढणारा लॉर्ड रॅलेच होता. आवाज कुठून येतो हे कान कसं ओळखतात ते सांगणारा माणूस, आणि आमच्या पंपाच्या पोटात आवाज कशाचा होता ते सांगणाराही तोच.

मिस्तरींनी रॅले वाचलेला नाही. त्यांनी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळला. कडकडाट निम्मा झाला. वर पत्राही नरमला. "बघा," ते म्हणाले, "पाणी कमी मागितलं, तर पंप गप बसू राहिला." फूटव्हॉल्व्ह वर काढला, तर जाळीला शेवाळाचा हिरवा लेप आणि त्यावर युरियाच्या गोणीचा एक तुकडा चिकटलेला.

मग पत्राच का बोंबलत होता? डिलिव्हरीचा पाइप विहिरीतून वर येऊन खोलीच्या अँगलला क्लॅम्पनं जखडलेला, आणि त्याच अँगलवर पत्रा. पंपाची थरथर पाइपानं चढली, अँगलमध्ये शिरली आणि पत्र्याला मिळाली. पाइप स्वतः फारसा वाजत नाही, त्याचं अंग बारीक, हवा ढकलायला अपुरं. पत्रा म्हणजे अख्खी हवा हलवणारा पडदा. तंबोऱ्याच्या तारेचा आवाज भोपळ्यामुळे मोठा होतो ना, तसा नानांनी नकळत पंपाला भोपळा लावला होता. शिवाय प्रत्येक वस्तूचा आपला एक सूर असतो, म्हणून तर आपण माठ घेताना टिचकी मारून बघतो. खडीच्या माऱ्यात सगळेच सूर होते, पत्र्यानं त्यातला आपला उचलला. नानांनी दगड ठेवले तेव्हा पत्र्याचा सूर बदलला, आणि त्यानं दुसरा उचलला.

जाळी साफ करायच्या आधी मी एक हौस भागवून घेतली. १७८७ साली क्लाडनी या जर्मन माणसानं धातूच्या पत्र्यावर वाळू टाकून कडेला व्हायोलिनचा गज फिरवला होता, आणि वाळूनं नक्ष्या काढल्या होत्या. घरात कांद्याचं उरलेलं उळं, म्हणजे बी, होतं. त्यातलं मूठभर अँगलवर ठेवलेल्या सपाट पत्र्याच्या तुकड्यावर पसरलं आणि मोटर चालू केली. काळे दाणे उड्या मारायला लागले. जिथे पत्रा जास्त थरथरत होता तिथून पळाले आणि जिथे तो स्थिर होता तिथे गोळा झाले. क्लाडनीसारखी रेखीव नक्षी नाही, पण क्लॅम्पच्या बाजूनं येणारी वाकडी काळी रेघ स्पष्ट होती. थरथर डोळ्यांना दिसली. नाना मात्र म्हणाले, "उळ्याचा भाव माहीत आहे का तुला?"

पुण्याच्या एआरएआय या १९६६ पासूनच्या वाहन संशोधन संस्थेत गाड्यांचा आवाज आणि कंप मोजायच्या खास प्रयोगशाळा आहेत. अशा कामात दाण्यांच्या जागी दाबानं वीज देणाऱ्या स्फटिकांचे सेन्सर चिकटवतात. हा गुण क्यूरी भावांनी १८८० साली शोधला. किंवा डझनावारी माइक एका चौकटीत बसवतात. प्रत्येक माइकला आवाज किती उशिरा पोचला यावरून संगणक यंत्राच्या फोटोवर लाल ठिपका काढतो, आवाज इथून येतोय. दोन कानांचाच हिशेब, कान फक्त वाढवले.

आणि कान वाढवायचे म्हटलं की मला आमचंच दळवट आठवतं. कळवण तालुक्याच्या पश्चिमेच्या या डोंगराळ भागात जमिनीतून गूढ आवाज आणि सौम्य धक्के आल्याच्या बातम्या अधूनमधून वर्तमानपत्रांत येतात. भांडी हलतात, लोक रात्री बाहेर येतात. प्रश्न तोच, आवाज कुठून येऊ राहिला? उत्तराची रीतही तीच. खडक सरकला की दोन लाटा निघतात. पहिली सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते, दुसरी साडेतीन. विजेची लख्ख आणि गडगडाट यांतल्या सेकंदांना तीननं भागून आपण किलोमीटर काढतो, तसंच इथे दोन लाटांमधल्या सेकंदांना साधारण आठनं गुणलं की अंतर मिळतं. नाशिकला दिंडोरी रोडवर महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, सगळे तिला 'मेरी' म्हणतात. समजा तिथल्या यंत्रावर दोन लाटांत सहा सेकंदांचं अंतर आलं. म्हणजे धक्का सुमारे पन्नास किलोमीटरवरचा. पण कोणत्या बाजूचा? नकाशावर नाशिकभोवती पन्नास किलोमीटरचं वर्तुळ काढा, ते उत्तरेला दळवटच्या आसपास जातं आणि दक्षिणेला अकोले गावाच्या बाजूनंही. जागा पक्की करायची तर दुसरं यंत्र हवं, तिसरं हवं, आणि खोली कळायची तर एखादं अगदी जवळ हवं. पालघरला डहाणू-धुंदलवाडी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची रांग लागली, तेव्हा तज्ज्ञांनी तिथे जाऊन जवळजवळ यंत्रं बसवली, ती याचसाठी. स्क्रूड्रायव्हरचं टोक दुखऱ्या जागेपाशी न्यावं लागतं.

आणि तो गूढ आवाज? उथळ, लहान धक्क्यांच्या लाटांत कानाला ऐकू येईल इतकी जलद थरथर शिल्लक असते. ती पृष्ठभागापर्यंत येते, जमीन हलते आणि वरची हवा ढकलते. म्हणजे डोंगराखालचा खडक हा पंप, आणि गाव ज्यावर उभं आहे ती जमीन हा पत्रा. दूरच्या मोठ्या भूकंपातली ही जलद थरथर वाटेतच खडकात विरून जाते, म्हणून तो हलवतो पण बोलत नाही.

नानांचा फूटव्हॉल्व्ह साफ झाला. पंपात पाणी भरलं, मोटर चालू केली. स्क्रूड्रायव्हर लावून मी पुन्हा ऐकलं, पोटातली खडी गेली होती, नुसता पाण्याचा वाहता आवाज. पत्रा गप्प. मिस्तरी चहा घेऊन गेले.

त्या रात्री दीड वाजता नाना उठले, बॅटरी घेऊन विहिरीकडे गेले. अडीचला पुन्हा. साडेतीनला पुन्हा. सकाळी मी विचारलं तर म्हणाले, "काही ऐकूच येत नाही. लाईट आहे की गेली, मोटर चालू आहे की पडली, कळायचं कसं?" दोन दिवसांनी मी खोलीपाशी गेलो, तर डावीकडच्या कोपऱ्यातला एक हुक त्यांनी पान्यानं बेतानं सैल केलेला होता.